पासपोर्टावरचं कुंकू

समुद्रावर सुट्टीला गेलेल्या माणसाला जमिनीवरची सरहद्द ओलांडायची असेल, तर एक गोष्ट त्याने आधीच जाणून घ्यावी. विमानतळावर व्यवस्था प्रवाशाला हाताला धरून पुढे नेते. जमिनीवरच्या सरहद्दीवर तसे कोणी नेत नाही. एका देशाच्या खिडकीवर निघाल्याचा शिक्का घ्यायचा, मग स्वतःच्या पायांनी चालत दुसऱ्या देशाच्या खिडकीवर जाऊन आल्याचा शिक्का घ्यायचा. या दोन खिडक्यांच्या मध्ये माणूस कुठेच नसतो. पहिल्या देशाने त्याला सोडलेले असते आणि दुसऱ्याने अजून घेतलेले नसते.

या मधल्या जागेत मी आईसोबत काही वेळ उभा राहिलो आहे. तिच्या पासपोर्टाला कुंकू लागलेले होते.

आमचे गाव बाळापूरच्या पुढे आहे. मन नदी गावाजवळून जाते आणि बाळापूरच्या किल्ल्यापाशी तिला म्हैस नदी मिळते. आईने आयुष्यात पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे या संगमाचा पूर. उन्हाळ्यात तिथे पाय ओला न करता पलीकडे जाता येते. मी अमरावतीला एका वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचे काम करतो. धाकटा भाऊ अकोल्याला शिकला आणि मलेशियात पेनांगच्या एका कारखान्यात नोकरीला लागला. दोन दिवाळ्या त्याला येता आले नव्हते. आईला समुद्र पाहायचा होता आणि मुलाला भेटायचे होते. म्हणून फेब्रुवारीत दोन्ही एकत्र जमवायचे ठरले. थायलंडमधला क्राबीचा किनारा आम्हा दोघांच्या मधे पडत होता. तिकडून तो येणार, इकडून आम्ही, आणि तिघे मिळून समुद्रात उतरणार.

वडील आले नाहीत. हरभरा सोंगणीला आला होता. आईने त्यांना फार आग्रहही केला नाही.

"तुह्या बापाले समुद्र दाखवला तं तो इचारीन, यात हरभरा येते का," ती म्हणाली. "नसन येत तं कायले पाहाले जावं, असं हाय त्याचं."

क्राबीला पोचलो त्या संध्याकाळी आईने समुद्र पाहिला. पाण्यातून सरळ वर उठलेले चुनखडीचे डोंगर, त्यांच्या मधून दूरवर जाणारे पाणी आणि त्यापुढे नुसती रेघ. ती वाळूवर उभी राहिली. बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. आईला एवढा वेळ एका जागी उभी मी घरी पाहिलेले नाही. मग तिने विचारले,

"याचा पल्याडचा काठ कोठी हाय?"

"दिसत नाही इथून."

"दिसत नाई का नाईच?"

मी नकाशा काढून दाखवू लागलो. तिने मोबाइलकडे पाहिले नाही. पाणी ओल्या वाळूपर्यंत येत होते आणि मागे जात होते. जिथपर्यंत वाळू ओली होती त्या रेघेच्या अलीकडे ती पाय पोटाशी घेऊन बसली. एक लाट जरा पुढे आली तेव्हा तिने पाय मागे ओढले.

"जा ना आई, पाय तर भिजव."

"थो आल्यावर. तिघं मिळून."

भावाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. त्याच्या कामाच्या परवान्याचे नूतनीकरण चालू होते. त्यासाठी कारखान्याकडे दिलेला पासपोर्ट वेळेत परत आला नव्हता. पासपोर्टाशिवाय त्याला देशाबाहेर पाऊल टाकता येणार नव्हते. तो फोनवर सारखी माफी मागत होता. फोन स्पीकरवर होता. आईने तो माझ्या हातातून घेतला.

"तुले येता येत नाई तं तसं सांग. रडतं कायले? आमी येतो."

"आई, मधात बॉर्डर हाय," तो म्हणाला.

"म्हंजे शीवच ना? लगन होऊन आली तवापासून किती शिवा ओलांडल्या म्या."

तिच्या हिशेबाने प्रश्न तिथेच संपला. माझ्या हिशेबाने तो तिथे सुरू झाला. पुढचे दोन दिवस मी चौकशी केली. ती इथे सांगतो, कारण कोणाला उपयोगी पडेल.

त्या काळात भारतीय प्रवाशाला मलेशियात थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नव्हता. हे नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावरच पाहावे. हॉटेलच्या माणसाचे किंवा शेजारच्या प्रवाशाचे ऐकू नये. आगमनाचा अर्ज मोबाइलवरून आधीच भरून ठेवावा लागतो. त्यात नाव पासपोर्टात जसे आहे तसेच लिहावे. आपल्याकडे बाईच्या नावानंतर नवऱ्याचे नाव, मग आडनाव असते. घाईत मधले नाव सुटते आणि मग कागदावर दोन वेगळ्या बाया तयार होतात. परतीचे तिकीट कागदावर छापून जवळ ठेवावे. ज्याच्याकडे उतरणार त्याचा पत्ता आणि फोन नंबरही कागदावर लिहून ठेवावा, कारण सरहद्दीवर नेमके मोबाइलचे नेटवर्क एका देशातून दुसऱ्या देशात जात असते. ताजी फळे, बी-बियाणे, मांस नेऊ नये. आईच्या पिशवीत भावासाठी आणलेले ज्वारीचे धापोडे होते. धापोडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ते वाळवलेले आणि बांधलेले होते, म्हणून मी ते राहू दिले.

पासपोर्टाची काळजी घ्यावी, तो भिजू देऊ नये, असेही मी आईला सांगितले होते. त्याची पूजा करू नये, हे सांगायचे सुचले नाही.

क्राबीहून व्हॅनने हाट याई या गावी गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रबराची झाडे होती, रांगेत लावलेली, प्रत्येक झाडाच्या बुंध्याला एक वाटी बांधलेली. आईने खिडकीला नाक लावले.

"हे काय, झाडाले गाईसारखं दोहून राह्यले का?"

"चीक काढतात. त्याचं रबर होतं."

"बाप्पा," ती म्हणाली. "अन् झाड उभंच राहाते?"

रात्रीचा मुक्काम हाट याईत केला. सकाळी तिथून सरहद्दीकडे छोटी रेल्वेगाडी जाते. मी माझा पासपोर्ट घेऊन तिकिटे काढायला स्टेशनवर गेलो. परत आलो तेव्हा आई अंघोळ करून, साडी नेसून, पिशवी भरून तयार होती. टेबलावर हॉटेलचा पांढरा टॉवेल घडी करून ठेवलेला होता आणि त्यावर दोन अक्षता पडल्या होत्या. मी त्या पाहिल्या. अर्थ लावला नाही.

गाडी सुटल्यावर अर्ज पुन्हा एकदा ताडून पाहावा म्हणून मी आईचा पासपोर्ट मागितला. तो उघडला.

कोऱ्या पानावर कुंकवाची पाच बोटे उठलेली होती. कुंकू पाण्यात कालवून लावले होते, म्हणजे ते चांगले धरावे. पासपोर्ट मिटल्यावर ते समोरच्या पानावरही उमटले होते. समोरच्या पानावर थायलंडमध्ये आल्याचा शिक्का होता. त्याची तारीख तांबड्याखाली अर्धी गेली होती.

"आई, हे काय केलं?"

"काय केलं? शीव ओलांडाची हाय. वहीले लावतो तसं लावलं."

"आत कशाला?"

"वरून ते निळं पुठ्ठं. त्यावर दिसतच नाई. मंग कोरं पान पाह्यलं. कोऱ्याच पानाले लावतेत ना?" मग ती थोडी थांबून म्हणाली, "तुह्यालेही लावणार होती. तू घेऊन गेलता."

आमच्या घरात नव्या वहीच्या पहिल्या पानाला, नव्या फवारणीपंपाला, मोटारसायकलच्या हँडलला, दहावीच्या हॉल तिकिटाच्या पाकिटाला कुंकू लागलेले आहे. लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी गावाच्या शिवेवर थांबते, खाली उतरून नारळ फोडतात, शेंदूर लावलेल्या गोट्याला कुंकू वाहतात आणि मग गाडी पुढे जाते. महत्त्वाचे काही सुरू होत असेल आणि त्याला कुंकू लागले नसेल, तर आईच्या दृष्टीने ते सुरूच झालेले नसते. पासपोर्टाहून महत्त्वाची वही तिच्या हातात कधी आली नव्हती.

मी पान पुसले नाही. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ओल्या रुमालाने रंग पसरतो आणि कोरड्या रुमालाने कागदाचा वरचा थर निघतो. खरवडलेला कागद हा डाग पडलेल्या कागदापेक्षा वाईट. डाग अपघात असू शकतो, खरवडणे हा उद्देश दिसतो. दोन पानांच्या मध्ये एक कोरा टिश्यू ठेवला आणि पासपोर्ट मिटला.

मग भावाला फोन केला. तो सरहद्दीच्या स्टेशनवर, पलीकडच्या काचेच्या दारापाशी येऊन उभा होता.

"दादा, तू काहून लावू देल्लं?"

"मी तिकीट काढायला गेलो होतो."

"आता?"

"आता बघू."

आई दोघांचे बोलणे ऐकत होती. आधी तिचा आवाज चढलेला होता. "कुंकू लावलं, शाई नाई सांडवली," असे ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही. खिडकीबाहेर पाहत राहिली. मग तिने विचारले,

"मले परत धाडतीन का?"

"माहीत नाही."

खरे तेच होते. खराब झालेला पासपोर्ट घ्यायचा की नाही हे खिडकीमागच्या माणसाच्या हातात असते. दुसरे कोणी त्यात काही करू शकत नाही.

"धाडलं तं तू जा त्याच्याकडं," ती म्हणाली. "मी बसन तठी बाकड्यावर. त्याले फक्त सांगजो, काचीतून पाह्यजो म्हणा एक डाव."

तेवढ्यात गाडी हळू झाली. रुळांच्या दोन्ही बाजूंनी उंच कुंपण आले, त्यावर तारेची वेटोळी. कुंपणातल्या दरवाज्यातून गाडी आत शिरली. अलीकडे गवत होते, पलीकडेही तेच गवत होते. एक बगळा कुंपणावर बसला होता, तो उडून पलीकडच्या बाजूला उतरला.

"शीव आली का?"

"गेली. तो दरवाजा होता ना."

आई झटकन मागे वळली. दरवाजा दूर जात होता.

"शिक्का न मारता?"

"स्टेशन मलेशियाच्या हद्दीत आहे. थायलंडचे अधिकारीही तिथेच बसतात."

"म्हंजे दुसऱ्याच्या वावरात येऊन बसले?"

"ठरवून. दोघांच्या सोयीनं."

आईने यावर विचार केला. आमच्या गावात बांधावरून पिढ्यांचे भांडण चालते. "अन् भांडत नाई?" तिने विचारले. मी नाही म्हटले. "बाप्पा," ती म्हणाली, आणि त्या क्षणापुरती तिला स्वतःच्या पासपोर्टाची आठवण राहिली नाही.

पडांग बेसारचे स्टेशन स्वच्छ आणि मोठे आहे. गाडीतून उतरले की प्रवासी एकाच रांगेने आत जातात. आधी थायलंडची खिडकी. तिथल्या अधिकाऱ्याने आईचा पासपोर्ट उघडला, टिश्यू बाजूला केला, तांबड्या पानाकडे पाहिले, मग आईकडे. आल्याची तारीख वाचता येत नव्हती. त्याने संगणकावर शोधली. ती तिथे होती. त्याने दुसऱ्या पानावर निघाल्याचा शिक्का मारला आणि पासपोर्ट परत दिला. टिश्यू त्याने होता तसा परत आत ठेवला, हे मी पाहिले.

आई खूश झाली. "झालं ना?"

"अर्धं झालं."

आता आम्ही त्या मधल्या जागेत होतो. काही पावलांवर मलेशियाची खिडकी होती. तिच्या पलीकडे सामान तपासायचे टेबल आणि त्याच्या पलीकडे काचेचे दार. दारामागे लोक उभे होते. त्यांत भाऊ होता. त्याने हात वर केला. आईने हात वर केला नाही. तिने पदर सारखा केला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. "वाळला," एवढेच म्हणाली.

खिडकीमागे डोक्याला रुमाल बांधलेली तरुण अधिकारी होती. तिने पासपोर्ट उघडला आणि तिचा हात थांबला. पान प्रकाशाकडे धरले. मला काही विचारले नाही. आतल्या बाजूला हाक मारली. मग आम्हाला रांगेतून बाजूला घेतले.

बाजूला घेतल्यावर काय करावे, हेही सांगण्यासारखे आहे. फोन खिशात ठेवावा. विचारले तेवढेच सांगावे. खरे सांगावे, कारण खरे सांगणे दुसऱ्यांदा सांगताना बदलत नाही. सोबतच्या माणसाच्या वतीने बोलत असलो तर तो काय म्हणाला तेच सांगावे, आपली भर घालू नये. वर्तमानपत्रात हे काम मी रोज करतो. तरी त्या दिवशी ते अवघड गेले.

आतून एक वयस्क अधिकारी आला. बारीक मिशा, खिशाला चष्मा. त्याने पान पाहिले, बोटाच्या टोकाने तांबडे अलगद चाचपले. बोटाला रंग आला. त्याने तो नाकाजवळ नेला. मग इंग्रजीत विचारले, हे काय आहे. मी सांगितले, हळदीपासून करतात तो रंग आहे, आमच्याकडे शुभ कामाच्या आधी लावतात. हे कोणी केले, त्याने विचारले.

मी बोलायच्या आत आईने हात वर केला. शाळेत मूल करते तसा, पूर्ण सरळ. प्रश्न तिला कळला नव्हता. पण कोणाला विचारताहेत हे कळले होते.

अधिकारी तिच्याकडे वळला. पासपोर्टावर का लावले, असे त्याने तिलाच विचारले, आणि मी मध्ये भाषांतर केले.

आई म्हणाली, "त्याइले सांग. बाहीर चाललो होतो, शीव ओलांडाची होती. नवी वही रायते, तिले लावतो तसं लावलं. माह्या पोराकडं चालली मी. त्याइच्या देशाचं म्या काई वाईट नाई चिंतलं."

मी सगळे सांगितले. शेवटचे वाक्यही. त्याने मुलगा कुठे आहे विचारले. मी काचेकडे बोट दाखवले आणि पत्ता लिहिलेला कागद पुढे केला. भाऊ दोन्ही हात काचेला लावून उभा होता. अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिले. कागदावरचा पत्ता वाचला. चेहऱ्यावर काही दिसले नाही.

मग त्याने एक छोटे यंत्र पुढे ओढले, त्यातला जांभळा दिवा लावला आणि तांबडे पान त्याखाली धरले. जुना शिक्का पुसून वर रंग लावला असेल तर त्या उजेडात दिसतो, हे मी वाचलेले होते. आई टेबलाच्या कडेने वाकली.

दिव्याखाली पासपोर्टाचे पान पेटले. मी दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. दिवसा कोरे दिसणारे पान रेषांनी भरून आले. निळसर, हिरवट, बारीक, एकमेकींतून जाणाऱ्या रेषा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कागदात मधे मधे धाग्यांचे कण चमकत होते. त्या सगळ्यावर कुंकवाची पाच बोटे काळी दिसत होती, शांत, जशी उजेड असलेल्या घराच्या खिडकीत माणसे उभी असावीत तशी. त्यांच्या खाली काही पुसलेले नव्हते.

"व माय," आई म्हणाली.

अधिकाऱ्याने मान वर केली.

"हे सारं आधीपासून यात होतं?" तिने मला विचारले. "म्या कपाटात साड्याखाली ठेवलं होतं हे. तवाही होतं?"

"होतं."

"अन् दिसत नोतं."

अधिकाऱ्याने मला विचारले, ती काय म्हणते. मी सांगितले. त्याने पुढचे पान दिव्याखाली धरले. मग त्यापुढचे. ते त्याचे काम होते, सगळी पाने तपासायची होती. पण तो पाने धरत होता ती टेबलाच्या आमच्या बाजूला, आणि प्रत्येक पानावर जरा थांबत होता. आई प्रत्येक पानाला वाकत होती. शेवटच्या पानापर्यंत तिने पाहिले. तोंडाने ती काही मोजत किंवा म्हणत होती, मला ऐकू आले नाही. आता आपले काय होणार आहे, हे ती विसरली होती की तिला आठवत होते, तेही मला सांगता येणार नाही.

दिवा बंद झाला. पाने पुन्हा कोरी झाली.

अधिकारी उभा राहिला आणि आम्हाला परत खिडकीकडे घेऊन गेला. आईची बोटे यंत्रावर ठेवून घेतली. तरुण अधिकारी महिलेने तिच्याकडे पाहून कॅमेऱ्याकडे बोट दाखवले. मग शिक्का उमटला, तांबड्या पानापासून दूर, स्वच्छ जागी. वयस्क अधिकाऱ्याने पासपोर्ट माझ्या हातात दिला. घरी गेल्यावर हा बदलून घ्या, तो म्हणाला, दुसरे कोणी घेईलच असे नाही. त्याच्या बोटाच्या टोकाला कुंकू तसेच होते. त्याने ते पुसलेले नव्हते.

मी आभार मानले. आईने दोन्ही हात जोडले आणि त्याला मराठीत म्हणाली, "याजो एकडाव आमच्या गावाले." मी हे वाक्य भाषांतरित केले. तो पहिल्यांदा हसला.

सामानाच्या टेबलावर धापोडे बाहेर निघाले. तिथल्या माणसाने पिशवी उघडली, एक वर धरला, उजेडात पाहिला.

"पापडम," तो म्हणाला आणि परत ठेवला.

"धापोडे," आईने त्याला सुधारले.

काचेचे दार उघडले. भाऊ आईच्या पायाशी वाकला, ती त्याला अर्ध्यावरूनच उठवून त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहू लागली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे तिचे लक्ष गेले आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे. मलेशियाची वेळ थायलंडच्या एक तास पुढे असते. पुढची गाडी पकडताना हे विसरू नये.

"हा तास गेला कोठी?" तिने विचारले.

"म्या ठेवला हाय जपून," भाऊ म्हणाला. "परत जाशीन तवा देतो."

"अन् नाई गेली तं?"

"तं माह्याजवळच राहीन."

तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दोन दिवाळ्यांचा होता, जोरात बसला.

गाडीने, मग बोटीने पाणी ओलांडून आम्ही पेनांगला पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर भाऊ आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेला. तिथला समुद्र क्राबीसारखा देखणा नाही. डोंगर नाहीत, वाळू भुरकट आहे, किनाऱ्यालगत मोठ्या इमारती आहेत. आई ओल्या रेघेपाशी थांबली. चप्पल काढून वाळूवर नीट शेजारी शेजारी ठेवली, देवळाबाहेर ठेवते तशी. एका हाताने माझे मनगट धरले, दुसऱ्याने भावाचे, आणि रेघ ओलांडली.

पहिली लाट घोट्यापर्यंत आली. परत जाताना तिने पायांखालची वाळू ओढून नेली. आईचा तोल जरा गेला, तिने आमची मनगटे घट्ट धरली.

"हे ओढून राह्यलं मले."

"ओढतेच," भाऊ म्हणाला. "उभी राह्य फक्त."

ती उभी राहिली. साडी गुडघ्यापर्यंत भिजली, ती तिने वर घेतली नाही. समोर पाणी होते आणि पाण्यानंतर पाणी.

"याले पल्याडचा काठ हाय का रे?" तिने आता भावाला विचारले. माझ्या नकाशाला तिने उत्तर धरलेलेच नव्हते.

भावाने हात लांब केला, सूर्य जिकडे उतरत होता त्याच्या थोडा उजवीकडे. "तिकडं. लय दूर. सरळ जात राह्यलं तं आपलाच देश लागते."

"आपला?"

"आपला."

ती त्या दिशेला पाहत राहिली. बराच वेळ. क्राबीला राहिली होती तशीच, पण या वेळी पाय पाण्यात होते. मग तिने माझे मनगट सोडले आणि कमरेचा बटवा उघडून कुंकवाची डबी काढली. झाकण काढता काढता थांबली. डबीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"याले चालते ना? का इथंही कोणाले इचारा लागते?"

मला माहीत असलेले सगळे नियम मी मनात एकदा तपासले. समुद्राला कुंकू लावू नये असा एकही त्यांत नव्हता. मी तसे सांगितले.

तिने चिमूटभर कुंकू घेतले, वाकली आणि येणाऱ्या लाटेला वाहिले. तांबडे क्षणभर पाण्यावर दिसले. लाट आमच्या पायांवरून गेली, परतली, आणि पाणी होते तसे झाले. आईने बोटे त्याच पाण्यात धुतली, डबीचे झाकण घट्ट लावले आणि पुन्हा आमची मनगटे धरली.

"चाला," ती म्हणाली. "अजून थोडं आत."